नुसते शब्द

लाइव्ह व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमधला एन्कोडरचा, म्हणजे चित्र दाबून लहान करून पुढे पाठवणारा, अख्खा भाग त्याने एकट्याने लिहिला होता. पण आज ऑफिसात कौतुक झालं ते नव्या सहकारिणीचं. तिने केलं काय, तर सेटिंगमधली अगम्य नावं बदलली. 'हार्डवेअर एन्कोडर'च्या जागी लिहिलं, 'व्हिडिओचा भार ग्राफिक्स कार्डावर टाका, चित्र अडखळणार नाही.' बस्स, एवढंच. टाळ्या वाजवताना त्याचा नुसता जळफळाट होत होता.

घरी आला, तर बायको त्याच सॉफ्टवेअरवरचा आपला शिवणाचा ऑनलाइन क्लास संपवून खुशीत बसली होती.

"आज चित्र एकदाही अडकलं नाही. टाका न् टाका दिसला सगळ्यांना. ते सेटिंग माझं मीच बदललं."

"त्या नव्या मुलीने नुसते शब्द बदललेत," तो फणकारला. "खालचं काम सगळं माझंच आहे."

"माहितीये. म्हणून तर तुला किती वेळा विचारलं, की ते काय आहे."

"अगं, ते तुला कळण्यासारखं नव्हतं."

बायकोने शिलाई मशीनवर कापड घातलं आणि शांतपणे म्हणाली, "तिला मात्र वाटलं, मला कळेल."