तीन सेंटांचा चेक

या वेळीही चेक तीन सेंटांचाच होता.

कोरीनने तो उजेडाकडे धरून पाहिला आणि वडिलांपुढे ठेवला. "घ्या बाबा. पाकिटावरचं तिकीट याच्या पंधरापट महाग आहे."

मेरिल ऑस्ट्रँडर यांनी कॉफीचा कप बाजूला सरकवला. चेकला जोडलेल्या पट्टीवर नेहमीचंच छापलं होतं. मालिकेचं नाव, 'डाउनलोड विक्री', आणि भागाचं नाव: 'धुक्यातला रस्ता'. त्यांनी चेक ड्रॉवरमध्ये टाकला. आत असे सतरा चेक होते. एकही वटवलेला नव्हता.

मेरिलनी तीस वर्षं टीव्हीसाठी लिहिलं. व्हॅन नाइसचं हे घर त्यावरच झालं. भाग पुन्हा दाखवला की वाटा यायचा, पुढे व्हिडिओ कॅसेटचा आणि डीव्हीडीचा यायला लागला. मग सगळंच आटलं. २००७ च्या लेखकांच्या संपात डाउनलोडचाही वाटा मिळावा म्हणून वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ते स्टुडिओच्या फाटकासमोर पाटी घेऊन फिरले होते. कोरीन रोज त्यांना सोडायला आणि आणायला जायची. त्यांनी गाडी चालवणं तिच्या लहानपणीच सोडलं होतं. लॉस एंजेलिसमध्ये बसने हिंडणारा लेखक म्हणून मित्र त्यांची टर उडवायचे.

संप फळला. आता एका विक्रीमागे त्यांना अर्धा सेंट मिळत होता. त्यांचे बाकीचे भाग कुणी विचारत नव्हतं. हा एकच कुणीतरी दर तीन महिन्यांनी पाच-सहा वेळा विकत घ्यायचं.

तसा तो त्यांचा सर्वांत गाजलेला भाग. पहाटे सायकलवरून शेतावर निघालेला मजूर, धुकं, धडक देणारी गाडी. १९८३ मध्ये त्याला पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं. समारंभाला मेरिल गेले नाहीत. एकदा कोरीनने तो भाग घरी लावला, तेव्हा ते उठून लिंबाच्या झाडाला पाणी घालायला गेले आणि भाग संपेपर्यंत आत आले नाहीत. आपले बाबा संकोची आहेत, असं ती सगळ्यांना कौतुकाने सांगायची.

त्या दुपारी ती बाहेर गेल्यावर मेरिलनी लेखक संघटनेत फोन केला. वेंडेल नावाचा कारकून होता. हे चेक बंद करता येतील का, असं त्यांनी विचारलं. वेंडेलला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. तो म्हणाला की करारच तसा आहे, बंद होत नाहीत. विकत कोण घेतं, हे कंपनी सांगत नाही.

"आणि माझ्यानंतर?" मेरिलनी विचारलं.

"तुमच्या मुलीच्या नावावर येत राहतील. तुम्ही निर्धास्त राहा."

मेरिलनी फोन ठेवला.

जूनमध्ये संघटनेमार्फत एक पत्र आलं. ऑक्सनार्डच्या एका शाळेत नर्स असलेल्या मर्सेडीस अरेदोन्दो नावाच्या बाईंनी लिहिलं होतं. 'धुक्यातला रस्ता' आपण पुष्कळदा पाहिलाय, लेखकांना एकदा भेटायचंय, एवढाच मजकूर. मेरिल नको म्हणाले. मग म्हणाले, आजारी आहे असं कळव. पण कोरीनने तोवर फोन करून रविवारचं बोलावणंही दिलं होतं.

"एकुलती एक चाहती आहे तुमची. तिला तरी तोंड दाखवा."

रविवारी मेरिल सकाळपासून कोट घालून बसले. दुपारी मर्सेडीस आली. बेचाळिशीची, नीटनेटकी बाई. येताना स्ट्रॉबेरीची टोपली आणली होती. कोरीनने तिला कॉफी दिली आणि राहवेना म्हणून विचारून टाकलं, दर तीन महिन्यांनी घेणाऱ्या तुम्हीच ना, मग एकदा घेतलेला भाग पुन्हा पुन्हा का घ्यायचा?

"एक माझ्यासाठी घेतला," मर्सेडीस म्हणाली. "मग संघटनेत चौकशी केली, लेखकाला यातलं काही मिळतं का. ते म्हणाले, थोडं मिळतं, आणि चेकबरोबर भागाचं नाव छापून जातं. बाकीचे यांच्यासाठी घेतले. दर तीन महिन्यांनी ते नाव या घरी यावं म्हणून."

कोरीनला ते फारच गोड वाटलं. मेरिल खाली बघत होते.

मर्सेडीस त्यांच्याकडे वळली. "त्यात तो मजूर मरताना गाडीवाल्याची बाही धरतो आणि म्हणतो, 'घरी गॅसवर राजमा राहिलाय, तेवढा बंद कर.' हे तुम्हाला कसं सुचलं?"

"तीच तर बाबांची खासियत," कोरीन म्हणाली. "मरताना राजम्याची काळजी करणारा माणूस दुसरं कोण लिहिणार?"

मर्सेडीसने तिच्याकडे पाहिलं नाही.

"माझे वडील १९७९ मध्ये असेच गेले. ऑक्सनार्डच्या बाहेर, धुक्यात, सायकलवर. गाडी कुणाची ते कळलंच नाही. पोलीस म्हणाले, जागच्या जागी गेले, एक शब्दही न बोलता." तिचा आवाज जराही चढला नाही. "त्या सकाळी ते गॅसवरचा राजमा उतरवायला विसरले होते. पातेलं जळून कोळसा झालं. गॅस विसरला म्हणजे प्यालेलाच होता असं लोक म्हणतील, म्हणून आईने आणि मी ते परसात पुरलं. कुणालाही सांगितलं नाही. आजतागायत नाही."

कोरीनने किटली खाली ठेवली. ती वडिलांकडे बघत होती.

"दोनदा म्हणाले होते," मेरिल म्हणाले. "मी एकदाच लिहिलं."