आपोआप येणारं पत्र

हेडक्लार्कांनी कॉम्प्युटरवर बटण दाबलं आणि पत्र तयार झालं.

तारीख आजची. बंदराचं नाव नवं. वाढदिवस होऊन गेल्यामुळे आईचं वय एकानं वाढलेलं. मधली चार वाक्यं यादीतून आपोआप उचललेली, मागच्या पत्रातलं एकही नाही. नोकरीत असताना असाच मॅक्रो, म्हणजे आपोआप मजकूर भरणारा प्रोग्रॅम, लिहून त्यांनी एका दमात आठशे नोटिसा काढल्या होत्या. आता निवृत्तीनंतर दर रविवारी एकच पत्र निघायचं, जहाजावरच्या मुलाचं.

मुलगा तीन वर्षांपूर्वी बुडाला होता. खबर आली तेव्हा बायको हृदयाचं ऑपरेशन होऊन दवाखान्यात पडली होती. "यांना धक्का बसता कामा नये," डॉक्टरांनी बजावलं होतं. हेडक्लार्कांनी दुःख एकट्यानं गिळलं आणि वर्ड उघडलं.

"आलं बरं का पत्र," म्हणत ते छापलेला कागद घेऊन गॅलरीत जात. ती डोळे मिटून ऐके. पडदा हलायचा, ऊन पायांवरून सरकायचं, आणि वाचता वाचता त्यांनाही वाटायचं, पोरगा खरंच कुठेतरी डेकवर वारा खात उभा आहे. तेवढी दहा मिनिटं ते सुखात असत.

एकदा मॅक्रो चुकला. ऐन थंडीत मुलानं उकाड्याची तक्रार केली. वाचता वाचता हेडक्लार्क अडखळले.

"पृथ्वीच्या खालच्या अंगाला असेल तो," ती म्हणाली. "तिकडे आत्ता उन्हाळाच की."

"तुला बरं माहीत!"

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं. वाचा तुम्ही पुढे."

मग एका शनिवारी त्यांना सणसणून ताप भरला. रविवारी जाग आली तेव्हा दहा वाजून गेले होते. पत्र! ते धडपडत उठू लागले, पण तोल जाऊन पुन्हा अंथरुणावर पडले. पत्र चुकलं तर ती विचारणार, फोन लावा म्हणणार, आणि मग तिच्या त्या नाजूक हृदयाचं काय होणार?

पलीकडच्या खोलीत प्रिंटर घरघरला.

ती कागद घेऊन आत आली, उशाशी बसली. चष्मा लावला.

"आलं हो पत्र. आज मी वाचते."

तारीख बरोबर होती. समुद्र शांत होता. आचाऱ्यानं पुन्हा मीठ जास्त घातलं होतं. ओळी सगळ्या त्यांच्याच. तापाच्या गुंगीत त्यांना कसलाच प्रश्न पडला नाही, ते नुसते ऐकत राहिले.

तिनं त्यांचा हात हातात घेतला आणि शेवटची ओळ वाचली.

"आई, तू बाबांना एकदाचं सांगून टाक, की तुला पहिल्या पत्रापासूनच सगळं ठाऊक होतं."