सर्वांत जुळणारं स्थळ

नेपियर टाउनातल्या मराठी वधूवर मंडळाची वेबसाइट क्षमा सांभाळायची. लग्न ठरलं की त्या स्थळाचं पान काढून टाकत. मग व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जुन्या लिंकवर 'पान सापडत नाही' एवढंच दिसायचं आणि गूगलमध्ये मंडळ पार तळाला जायचं. क्षमाने अशा चारशे मेलेल्या लिंका शोधल्या. उंची, शिक्षण, पत्रिका बघून एकेक लिंक तिने सर्वांत जुळणाऱ्या स्थळाकडे वळवली. दोन महिन्यांत मंडळ पहिल्या नंबरावर आलं.

पुढे तिचंच यशोधनशी ठरलं. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी तिने नियमाप्रमाणे स्वतःचंही पान काढून टाकलं आणि लिंक अमिताच्या पानाकडे वळवली. अमिता तिच्याहून दोन बोटं उंच होती, बाकी सगळं सारखं.

दुपारी मंडळाचा फोन वाजला. क्षमानेच उचलला. होणाऱ्या सासूबाई होत्या. त्यांनी काही तिचा आवाज ओळखला नाही.

"अच्छा, मंडळातूनच ना जी? सुनेची लिंक नागपूरवाल्यांना पाठवून राहिली होती, तर दुसरीच पोरगी उघडली."

"हो," क्षमा म्हणाली.

"ही आम्हाला आधी काहून नाही दाखवली?"