ओव्हनमध्ये बिघाड नाही

निमकरांच्या बोटाला मायक्रोवेव्ह दाद देईना, म्हणून त्यांनी इरफान मेकॅनिकला बोलावलं. त्याने प्लग काढला, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरवली, दाराची खटकी तपासली आणि सगळं पुन्हा जोडून कपभर पाणी आत ठेवलं. त्याने बटण दाबलं, पाणी उकळलं. निमकरांनी दाबलं, तर ओव्हन ढिम्म.

इरफान जरा घुटमळला. "काका, इतक्यात काही तपासण्या केल्यात?"

"काल केल्या. रिपोर्ट संध्याकाळी येणार आहेत."

"यंत्रांना आधी जातात ते." त्याने मान खाली घातली. "वीजबचतीचा नवा नियम आहे, काका. ज्यांचे थोडेच दिवस उरलेत, त्यांच्यावर वीज खर्च करत नाहीत."

"मग दुरुस्तीचं काय?"

"ओव्हनला काहीच झालेलं नाही."

तेवढ्यात विजयाबाई आमटीचं भांडं घेऊन आल्या. "झाला का नीट?"

"झाला," निमकर म्हणाले. "बटण मात्र तू दाब."

त्यांनी दाबलं. ओव्हन आज्ञाधारकपणे घुमू लागला.

"साधं बटण दाबता येत नाही तुम्हाला!" विजयाबाई हसल्या. "माझ्यामागे कसं व्हायचं हो तुमचं?"