जिन्यातला प्रेक्षक

आमचा मामा शिंपी. देशाचा फुटबॉल संघ हरला की त्याच्याकडे उपाय तयार. "समोरच्यांच्या चड्ड्या मला शिवायला द्या. नाडी घालायची विसरतो. चड्डी सावरत किती पळतील?"

"उपाय एकच, दादा," आई एकदा वैतागून म्हणाली. "तू बघतोस म्हणून ते हरतात. जिन्यात जाऊन बस."

मामा खरंच जाऊन बसला, आणि संघ खरंच जिंकला. तेव्हापासून दर सामन्याला आम्ही आतून कडी लावायचो. मामा पायरीवर बसून मधूनमधून दार वाजवायचा आणि आम्ही ओरडून स्कोअर सांगायचो.

पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात त्याने तीनदा दार वाजवलं. "अगं, जरा कडी काढ," असंही म्हणाला.

"एक-शून्य! दहाच मिनिटं राहिलीत, आत यायचं नाव काढू नकोस!" आई हसत ओरडली.

सामना संपल्यावर आम्ही नाचतच दार उघडलं. मामा छाती धरून पायऱ्यांवर आडवा पडला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी हळूच विचारलं, "त्यांनी कुणाला हाक नाही मारली?"




"मारली की," आई म्हणाली. "पण आपण जिंकत होतो ना."