पान नऊवरची विहीर

इस्माईलला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. तूर्त झाली नाही असं समजू. कारण त्या दुपारी वाशीमच्या ठाण्यात बसलेला इस्माईल तरी दिवे लागायच्या आत घरी पोचायचं धरून चालला होता. बायकोचे, लतीफाचे, दिवस भरत आले होते.

साल बेचाळीस. शिरपूरच्या केशरीचंदांना कापडाच्या धंद्यासोबत 'आडवळण' नावाचं त्रैमासिक काढायची खोड होती. वर्गणीदार एकोणीस. छापखान्यात त्याच्या अक्षरांचे खिळे इस्माईल जुळवायचा. या खेपेला पान नऊवर टपालानं आलेली एक निनावी कविता होती. 'पाणी' हा एकच शब्द गोल गोल फिरत खाली उतरतो आणि तळाशी एकटा 'मी'. फौजदारांना तो रेल्वे उडवायचा नकाशा वाटला. सगळे अंक जप्त झाले. केशरीचंद कुणाच्या तरी लग्नाला मारवाडात निघून गेले. भाद्रपदात.

फौजदारांचा हुकूम सोपा होता. कविता असेल तर इस्माईलला सोडा, नकाशा असेल तर खटला भरा. कोणतं ते जमादार हेमसिंगनं ठरवायचं. इस्माईलला हे कुणी सांगितलं नव्हतं.

हेमसिंगनं अंक उघडलासुद्धा नाही.

"कोनं लिवली?"

"माईत नाही, जमादारसाहेब. पाकिटावर नाव नव्हतं."

"वाचली कोनी?"

"कोन वाचते? एकोणीसातले बारा जन त पुड्या बांधतात."

हेमसिंगनं टाक दौतीत बुडवला आणि तसाच पुन्हा खाली ठेवला.

"तुले कशी वाटली?"

इस्माईलनं विचार केला. कवितेची बाजू घेतली, तर आपणही कटातलेच ठरू.

"मले काय वाटीन? तीन दिवस 'पाणी' जुळवून जुळवून बोटं काळी झाली. मुंग्यांचं वारूळ हाय नुसतं."

"विहीर हाय ते."

"असंल. पन कविता नाही, साहेब. धा वर्सं झाली कविता जुळवून राह्यलो, मले समजते."

"तळाशी तो 'मी' एकटा हाय न?"

"खिळा पडला असंल एखादा."

हेमसिंगनं टाक उचलला. 'आरोपीच्या अनुभवी मते ही कविता नाही,' एवढंच लिहिलं आणि वाचून दाखवलं. इस्माईलनं खाली वळणदार सही केली. सुटलो, असं त्याला वाटलं.

मग हेमसिंगनं दुसरा कागद ओढला. यावर त्यानं बराच वेळ घालवला, दोनदा खोडलं. टिपकागद दाबला, तो मेजावरच टाकला आणि अर्ज घेऊन आत गेला.

टिपकागदावर अक्षरं उलटी उमटली होती. दहा वर्षं उलटे खिळे वाचणाऱ्या इस्माईलला ती सुलटीच होती:

"मेहेरबान फौजदारसाहेबांचे सेवेशी. जप्त अंकातील पान नऊवरील मजकूर अर्जदाराने लिहिला असून, लेखकास एक प्रत विनामूल्य देण्याचा रिवाज आहे. तरी सर्व प्रती जाळण्यापूर्वी, अर्जदाराचे नाव गुप्त ठेवून, एक प्रत अर्जदारास मिळावी, ही विनंती. सही, हेमसिंग, जमादार."