उरलेले माइल्स

"बाळ दोन वर्सांचा होवच्या आधी ये गो, मगे तेका वेगळा तिकीट लागतला," नवऱ्याने मस्कतहून फोनवर बजावलं होतं. "प्रवासात आजारी पडेल," म्हणत सारिकाने ते उडवून लावलं. आता बाळाला दोन वर्षं झाली. नवऱ्याची नवी कंपनी दुसऱ्याच विमानसेवेची तिकिटं देई आणि जुन्या विमानसेवेकडे त्याच्या प्रवासांवर साठलेले माइल्स, म्हणजे फुकट तिकिटाचे गुण, महिनाअखेर बुडणार होते. पुरत होते एकाच तिकिटाला. दुसरं परवडणारं नव्हतं. बाळाला सोडून जाणार कशी? तिने सासूच्या नावाने तिकीट काढलं. विमानतळावर सासू हसली, "विमानाच्या आवाजाक कोण भिता गो? माका खंय ऐकाक येता!" आणि काचेपलीकडे दिसेनाशी झाली. देवबागच्या घरात सारिका आणि बाळ दोघंच. मस्कतला निघालेल्यांनो, सुक्या बांगड्यांची पिशवी मांडीवर घेतलेल्या आजी शेजारी दिसल्या, तर खांद्याला हात लावून खुणेने विचारा, जेवलात का?